कळसूबाईवरून दिसणारं अंगण

हवा धुरकट असूनही कळसूबाईच्या शिखरावरच्या नव्या दुर्बिणीतून साठ किलोमीटरवरची माहेरची गच्ची लख्ख दिसत होती. तरी यमुनाबाईंच्या कपाळावरची आठी जाईना. त्यांनी भावजयीला फोन लावला.

"कुरडया उचलल्यास का गं?"

"नाही हो वन्सं, गच्चीभर पसरल्यात. कावळे हाकतेय."

दुर्बिणीत गच्ची रिकामी होती.

"हे आत्ताचं नाहीच," त्या दुर्बीण सांभाळणाऱ्या धोंडिरामला म्हणाल्या. "हवा धुरकट असली की ही जुनंच चित्र दाखवते."

"काहीतरीच! रोज सकाळी मी यातूनच आईला अंगण झाडताना बघतो. धडधाकट दिसते, मग फोन कशाला करायचा?"

"लुगडं कुठलं असतं तिचं?"

"हिरवं," तो म्हणाला. मग खिशातला फोन चाचपत पुटपुटला, "आठ महिने हिरवंच."