एस्पिनियोचा रस

चिलोए बेटावर सकाळपासून धुकं होतं. बाळंतीण ओतिलियाला रक्त हवं होतं, पण कुणाचंही रक्त तिच्या रक्तात मिसळलं, की त्याच्या गुठळ्या होत. प्रयोगशाळेतल्या एर्सिलियाबाईंनी कुंपणावरच्या काटेरी एस्पिनियोच्या बिया वाटून रस काढला. हा रस रक्तपेशींवरची साखर धरून त्यांना एकमेकींना चिकटवतो. ओतिलियाच्या पेशींवर ती साखरच नव्हती. रस घालूनही तिचा थेंब नितळ राहिला, गुठळी नाही. असं लाखात एखाद्याचं असतं.

मग दवाखान्यात दिसेल त्याचं बोट टोचलं. ओतिलियाला होडीतून आणणाऱ्या बाल्दोमेरोचा थेंबही तसाच नितळ, वारा पडलेल्या खाडीसारखा. तिच्या रक्तात मिसळला तरी नितळच.

"तुमची आई कोण हो?" बाईंनी विचारलं.

"अनाथाश्रमाच्या दारात ठेवून गेली, एवढंच ठाऊक. का?"

"असं रक्त घराण्यातच उतरतं. ओतिलियाची नि तुमची आई एकच असावी, असं वाटतंय."

बाही सारून त्याने हात पुढे केला.

दुपारी ओतिलियाने डोळे उघडले, तेव्हा तो खाटेशी बसला होता.

"आई दिसायला कशी होती गं?" त्याने हळूच विचारलं.