पहिलं दळण

या, जरा पुढं सरकून बसा, रिहे गावच्या निरंजनची एवढीशी गोष्ट सांगतो. त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये आपली पहिली गिरणी उभी केली, खाणीतलं खनिज दळणारी. आडवं फिरणारं लोखंडी पिंप, त्याच्या पोटात पोलादी गोळे. दुपारी गिऱ्हाईक आपलं पांढरं खनिज घेऊन चाचणीला येणार होतं. भुकटी स्वच्छ निघाली तर गिरणी विकली जाणार, नाहीतर तिथंच गंजणार.

इतक्यात त्याची आई, सगुणाबाई, तांदळाची पाटी घेऊन हजर.

"पहिलं दळण देवाचं."

"अगं आई, ही दगड दळायची गिरणी हाय!"

"मंग? दगडाच्या गिरणीला देव न्हाई व्हय?"

आईशी वाद घालण्यापेक्षा दळून मोकळं झालेलं बरं, म्हणून निरंजननं तांदूळ आत ओतले आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं झाकण उघडलं, तर पीठ काळंकुट्ट! नव्या पिंपातलं तेल, गंज, सगळं त्या तांदळानं पुसून घेतलं होतं. निरंजननं ते पीठ आईच्या पाटीत काढून घेतलं. हे गिऱ्हाइकाच्या भुकटीत उतरलं असतं तर?

दुपारी भुकटी निघाली ती चुन्यासारखी पांढरी. गिरणी जागेवर विकली गेली.

निरंजन ओशाळून म्हणाला, "आई, ते काळं पीठ टाकून देऊ ना? देवापुढं कसं ठेवायचं?"

"ठेव की बिनघोर. त्यो तरी कुटं गोरा हाय?"

तर मंडळी, विटेवरच्या त्या सावळ्याला हात जोडाल, तेव्हा आमच्या सगुणाबाईचीही आठवण असू द्या.