मागच्या जागेवरचा

"आणि तेवढ्यात माझ्या जोडीदाराचा दम तुटला," सर म्हणाले. "शेवटचे दोनशे मीटर. मी बघतोय, त्याची मान एका बाजूला कललेली, ओठ पांढरेफटक. मनाला म्हटलं, आता दोघांचं तुलाच ओढायचंय. ओढलं. हरलो, पण अर्ध्या बोटीच्या अंतरानेच."

बोटींच्या शेडमध्ये वीसेक मुलंमुली चटईवर मांडी घालून बसली होती. शर्यती सोडून मनाची तयारी शिकवायला लागल्यापासून सरांनी ही गोष्ट बँकवाल्यांना सांगितली होती, विमेवाल्यांना सांगितली होती, एकदा डॉक्टरांच्या मेळाव्यातही सांगितली होती. सगळीकडे हुकमी टाळ्या. वल्ही मारणाऱ्यांसमोर मात्र आज पहिल्यांदाच. बोलणं पसंत पडलं तर क्लबचं वर्षभराचं काम हाती येणार होतं. क्लबच्या मुख्य कोच मॅडम कडेला वही उघडून बसल्या होत्या.

पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला.

"सर, दोघांच्या बोटीत तुमची जागा कुठली?"

"ताल धरायची."

"म्हणजे जोडीदार तुमच्या पाठीमागे."

"अर्थात."

"मग त्याचे ओठ तुम्हाला कसे दिसले?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. शर्यतीत मान वळवायची नसते, वळवली की बोट डुगडुगते. हे इथल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बँकवाल्यांना कुठलं ठाऊक असायला!

"जाणवतं ते," सर म्हणाले. "बोट सांगते."

"ओठांचा रंगपण?"

शेडच्या टोकाला पॉलिशपेपरची खरखर चालली होती, ती थांबली. लाकडी घोडीवर उपड्या ठेवलेल्या बोटीमागून क्लबच्या बोटी दुरुस्त करणारा मिस्त्री उभा राहिला. भुवयांवर पांढरी भुकटी बसलेली. सरांना ओळख पटायला दोन क्षण लागले. एकोणीस वर्षं झाली होती.

"माझेच ओठ ते," मिस्त्री म्हणाला. "सरांचा जोडीदार मीच. तुटला माझा दम. काय करता!"

"काका, तुम्ही?" मुलं माना वळवून बघायला लागली.

"तरीच काकांनी वल्हं टाकून पॉलिशपेपर धरला!" एक दांडगट पोरगा ओरडला आणि शेड खदखदून हसली. मिस्त्रीही हसला. मुलीने हात खाली घेतला.

पाणी प्यायला पाच मिनिटांची सुट्टी झाली तसे सर बोटीपाशी गेले.

"तू इथे असतोस हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर गोष्ट बदलली असतीस?" मिस्त्रीने विचारलं. आवाजात जराही धार नव्हती, म्हणूनच ते लागलं.

"असं का बोललास पण?"

"ती पोरगी तुला सोडत नव्हती. नवं काम मिळतंय म्हणे तुला." त्याने बोटीवरची भुकटी फुंकली. "माझं काय, बोटी काही विचारायला येत नाहीत."

"तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"अरे, तुझी पाठ सोडून मला दुसरं दिसत काय होतं?"

शेजारून जाता जाता तो दांडगट पोरगा थबकला. "काका, माझ्या बोटीचे नट पुन्हा एकदा बघा हं. तुमच्या हातचं काम, मध्येच ढिलं पडायचं!"

"बघतो, राजा," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने खरोखरच पाना उचलला. कालच आवळलेले असणार ते नट. एकेक करून पुन्हा आवळायला लागला.

सर फळ्यापाशी परत आले. मार्कर उचललाच नाही.

"मघाशी मी खोटं सांगितलं," ते म्हणाले. "वल्हवताना आपलं तोंड मागे असतं, पुढे गेलेली बोट दिसत नाही, मागे पडलेल्याच दिसतात. शेजारची बोट डोळ्यांसमोरून सरकली, दिसेनाशी झाली, आणि मी हाय खाल्ली. दम होता माझ्यात. वल्ही पाण्यात घालत राहिलो, पण ओढलं नाही. काठावरच्यांना कळलं नाही. दोघांचं ओढलं ते यांनी." त्यांनी मिस्त्रीकडे हात केला. नजर मात्र तिकडे गेली नाही.

मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"बघितलंत? जुन्या जोडीदाराला चारचौघांत कमीपणा नको, म्हणून सरांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मन घडवणं म्हणतात ते हेच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही हो, नाही," सर म्हणत राहिले, तशा टाळ्या वाढतच गेल्या. दांडगट पोराने तर शिटी मारली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या रांगेतली मुलगी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. आवाज ओसरेपर्यंत ती थांबली.

"किती स्ट्रोक, सर?"

"काय?"

"ओढलं नाहीत, ते किती स्ट्रोक?"

सर चटईच्या काठाकडे बघत होते.

"अकरा," ते म्हणाले.

"चौदा," पाना न थांबवता मिस्त्री म्हणाला.