चौथा ठोका

शत्रूचं भुयार तटाखाली आलंय हे किल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं कुठे, एवढंच ठाऊक नव्हतं. तट उडाला की आतली दोन हजार माणसं कापली जाणार होती. खणायला शत्रूने गावोगावचे कारेझवाले, म्हणजे जमिनीखालून पाण्याचे पाट काढणारे, वेठीला धरले होते. म्हणून किल्लेदार बेगने किल्ल्यातल्या म्हाताऱ्या कारेझवाल्याला, ओवेझला, बोलावलं.

"आगा, जन्मभर पाणी शोधलंस. आता जरा उंदीर शोध."

कारेझवाले दोन टोकांकडून एकमेकांकडे खणत येतात. एकाने तीन ठोके दिले की दुसऱ्यानेही तीन द्यायचे, म्हणजे दिशा चुकत नाही. ही सवय हाडात मुरते. ओवेझ बेगला घेऊन तटाच्या कडेने जमिनीवर कुदळीचे तीन-तीन ठोके देत गेला.

एका ठिकाणी खालून उत्तर आलं.

ओवेझ बराच वेळ जमिनीला कान टेकवून बसला. मग म्हणाला, "इथेच."

तिथेच दारूची पिंपं पुरली, उडवली. भुयार बुजलं, किल्ला वाचला.

"काय गाढवं!" बेग हसत म्हणाला. "शत्रूलाच उत्तर देतात! पण आगा, मला चार ठोके ऐकू आले."

 

"चौथा सलामाचा, बेग. ठोका बापाचा आहे हे ओळखलं, की माझा मेरेत एक जास्त देतो."