घरचा शब्द

“चुगली कोनं केली?” बायजानं भाकरी तव्यावर आपटली. “मले नाव सांगा, गुरुजी. त्याची जीभ हासडून काढतो का नाई पाहा.”

अण्णाजी गुरुजी दारातल्या बाजेवर बसले होते. “राग आवर, पोरी. लेकरू पाहून राह्यलं.”

लेकरू म्हणजे जिजा. ती चुलीजवळ बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होती. तिच्या बापाला, पुनाजीला, मागच्या बाजाराच्या दिवशी पोलिसांनी उचलून नेलं होतं. आणीबाणी लागलेलीच होती. वकील नाही, जामीन नाही.

गुन्हा एका वाक्याचा. ‘दिल्लीत हुकूमशहा बसला, आता खुर्ची सोडत नाई.’ फौजदारानं ते जसंच्या तसं पुनाजीला ऐकवलं आणि जीपमध्ये कोंबलं.

पण पुनाजी हे चावडीवर बोलला नव्हता, हाटेलात बोलला नव्हता. याच चुलीपुढे, जेवताना बोलला होता. त्या वेळी घरात नवरा, बायको आणि लेक. अन् विस्तव न्यायला आलेला शेजारचा हरिदास.

“हरिदासच. दुसरा होता कोन इथं?”

“डोळ्यानं पाहिलं नाही, त्याचं नाव घेऊ नये,” गुरुजी शांतपणे म्हणाले. जिजाच्या डोक्यावरून हात फिरवून ते उठले. “हिला शाळेला पाठवत जा. बाप नाही म्हणून शिक्षण थांबू नये.”

गुरुजींची शाळा मारुतीच्या पारावर भरे. नोकरी संपली, पण शिकवण्याची हौस संपली नव्हती. पाढे, कविता, गोष्टी. आणि शेवटी ‘घरचा शब्द’. प्रत्येक लेकरानं घरी ऐकलेलं काहीतरी नवं गुरुजींच्या कानात सांगायचं. कानातच, म्हणजे दुसरं कोणी चोरणार नाही. आवडलं तर खडीसाखरेचा खडा.

त्या संध्याकाळी जिजाला सोडायला बायजा पारापर्यंत गेली आणि थबकली. गुरुजी तोच शब्द शिकवत होते. उघड.

“रोम नावाच्या राज्यात संकट आलं की सारा कारभार एका माणसाच्या हाती देत. तो डिक्टेटर, म्हणजे हुकूमशहा. पण सहा महिन्यांपुरताच. मुदत संपली की त्यानं घरी जायचं.”

“अन् नाई गेला तं?” जिजानं विचारलं.

“तिथंच तो शब्द नासला, बेटा.” गुरुजी हसले. “बत्तीस सालच्या सत्याग्रहात आपणही आपल्या पुढाऱ्याला डिक्टेटर म्हणत होतो. त्याला अधिकार काय? सगळ्यांच्या आधी तुरुंगात जायचा. एक पकडला की दुसरा उभा राही. मी शेवटचा. माझ्यापर्यंत पाळी आलीच नाही. आता तोच शब्द शिवी झाला.”

बायजाचा ऊर भरून आला. सारा गाव दारं लावून कुजबुजत होता आणि हा म्हातारा पारावर बसून बोलत होता. पोलिसांची जीप त्याच्यासमोरून जाई, पण थांबत नसे. स्वातंत्र्यसैनिकाला हात लावायची छाती कोणाची?

परतताना हरिदास दारातच भेटला. हातात विस्तवाचं खापर.

“वहिनी, जरासा इस्तू...”

“माह्या चुलीतली राखही भेटनार नाई तुले! माह्या घरात बसून माह्याच मानसाले इकलं काऊन रे?”

“वहिनी, लेकराची आन. म्या इस्तू नेला, शब्द नाई नेला.”

“मंग भिंतीनं सांगतलं का फौजदाराले?”

तिनं खापर हिसकून अंगणात आपटलं. हरिदास तुकडे न वेचताच निघून गेला.

तिच्या रागाला दुसरंही कारण होतं. तिचा भाऊ कवडू. त्यानं आर्वीच्या एसटी डेपोच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, ‘हुकूमशाही मुर्दाबाद’. पोलीस त्याला हुडकत होते. सापडला तर त्याला लाकडासारखं फोडून काढतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून नाल्याकाठच्या ज्वारीत, जागलीच्या खोपीत तिनं त्याला ठेवलं होतं. रानडुकरं येतात, राखणदार लागतोच. कोणाला संशय येणार नव्हता. भाकर नेताना एकदा जिजानं त्याला पाहिलं. तेव्हाच बायजानं तिला बजावलं होतं, “मामा इथं हाय हे बोलाचं नाई. हरिदासकाकाले तं बिलकुल नाई.”

जिजानं शहाण्यासारखी मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायजा भाकर बांधत होती. गावाबाहेरून जीपचा आवाज आला. गावात शिरलाच नाही. नाल्याच्या बाजूला दूर दूर जात राहिला. तिचे हात थांबले.

तेवढ्यात जिजा पारावरून धावत आली. गाल फुगलेला.

“हरिदास भेटला होता का तुले?” बायजानं तिचा दंड धरला. “काई पुसलं त्यानं? काई सांगतलं तू त्याले?”

“नाई वं माय. काकाले म्या काईच नाई सांगतलं.” जिजानं मूठ उघडली. तळहातावर खडीसाखर चिकटली होती. “पाह्य ना! बाबाच्या शब्दाले गुरुजीनं एकच खडा देल्ला होता. मामाच्याले दोन देल्ले.”