जड शटर

नव्या मॉलमध्ये शिरल्यापासून लेकीने बाबांचा हात घट्ट धरला होता. हल्ली त्यांना कशाचंच भान नसे. पोटच्या पोरीला कधी ताई म्हणत, कधी अहो बाई. चार माणसांत तेवढाच जीव रमेल, म्हणून तिने आणलं होतं.

अत्तराच्या चकचकीत काउंटरसमोर बाबांनी एकाएकी हात सोडवला, उकिडवे बसले आणि फरशीशी बोटं लावून न दिसणारं काहीतरी वर ओढू लागले. पार घामाघूम झाले. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मॉलसाठी इथला जुना बाजार पाडला त्याआधी बाबांचं शिवणकामाचं दुकान इथेच होतं!

लोक मोबाइल काढून उभे राहिले. म्हातारा सिक्युरिटी गार्ड धावत आला, तशी ती शरमेने अर्धी झाली. "माफ करा हं, बाबांना काही आठवत नाही."

गार्डने वाकून बाबांचा चेहरा निरखला. मग टोपी काढून बाबांच्या डाव्या अंगाला बसला.

"थांबा मास्तर. एकट्याने कधी उघडलंय का हे?"

दोघांनी मिळून ते पार डोक्याच्या वर नेलं. बाबांनी हात झटकले. कित्येक महिन्यांनी त्यांनी कुणाकडे तरी ओळखीने पाहिलं.

"आज उशीर केलास गड्या," ते म्हणाले, आणि शेजारच्या सरकत्या जिन्याकडे वळले. "चल, आता तुझं उघडू."