मेडशीचे चाळीस फोन

सुचितानं आवडाबाईंच्या दारात स्कूटी लावली तेव्हा अकराच फोन चालू उरले होते. तासाभरापूर्वी ते तीस होते. आता बोला!

मेडशीच्या भाजी पिकवणाऱ्या चाळीस शेतकऱ्यांना तिनं दोन वर्षं खपून एका साखळीत आणलं होतं. कुणी किती वांगी तोडली, कोणतं औषध मारलं, ही नोंद कुणा एकाच्या वहीत नाही, चाळीसही फोनांत असायची. नवी नोंद आली की सत्तावीस फोनांनी साक्ष द्यायची, मगच ती पक्की. मालाचे पैसेही फोनातल्याच पाकिटात यायचे. सत्तावीसच्या खाली गेलं की साखळी ठप्प.

आणि ऐन पोळ्याच्या दिवशी एकेक फोन बंद होत चालला होता. हे काम गजेंद्र अडत्याचंच, दुसऱ्या कुणाचं? "पाकीट तुमचं, पण चावी त्या पोरीजवळ," असं तो महिनाभर पारावर बसून सांगत होता. लोकांनी त्याचं ऐकलं असेल तर दोन वर्षं मातीत गेली. त्याहून जास्त तिला लागलं होतं ते वेगळंच. ह्या लोकांनी तिला घरची लेक मानलं होतं. वाटेत दोनदा तिला रडू फुटलं.

"काकू, तुमचा फोन बंद काहून हाय?"

"म्याच केला," आवडाबाई शांतपणे म्हणाल्या. "तू पाणी पे आदी."

"कोणी सांगतलं तुमाले?"

"सांगाले कोण लागते? आमचं साऱ्यायचं ठरलं."

"माझं काही चुकलं काय? तोंडावर बोला ना काकू. त्या गजेंद्रभाऊनं..."

"त्या गजेंद्रले घाल चुलीत! तूच तं सांगतलं होतं वं, हा फोन रातदिन गावासाठी राबते म्हणून."

"मंग?"

आवडाबाईंनी तिचा हात धरून तिला आत नेलं. बैलजोडी विकून त्यांना सहा वर्षं झाली होती. देवघरापुढं पाटावर फोन ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली, पुढ्यात पुरणपोळीचा निवद.

"आज त्याच्या मानेवर जू ठेवाचं नसते बाई," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी सारं गाव जुंपते."